घर विकताना काय दुरुस्त करावे, काय सांगावे

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जुनी घरे आता वरचेवर विक्रीला निघतात. मुले शिकायला छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला जातात आणि तिथेच नोकरीला लागतात. मुली लग्न होऊन खामगाव, अकोला, बुऱ्हाणपूरला जातात. वडील अल्लाहला प्यारे होतात, आई एखाद्या मुलाकडे राहायला जाते आणि घराला कुलूप लागते. माणसांचा वावर थांबला की घर फार लवकर खचते. दोन पावसाळे गेले की छत गळते, भिंतीचे पोपडे सुटतात आणि मग कुणीतरी म्हणते, आता विकून टाकू.

त्या वेळी पहिला प्रश्न मरम्मतीचा येतो. आहे तसे विकावे की दुरुस्त करून? बहुतेक लोक या प्रश्नाचा विचार फक्त पैशाच्या अंगाने करतात. एक लाख लावले तर दोन लाख वाढतील का, एवढाच हिशोब. आमच्या घरी हा प्रश्न आला तेव्हा त्याला आणखी दोन अंगे आहेत, हे आम्हाला दिसले. एक वारशाचे आणि दुसरे ईमानदारीचे.

आम्ही पाच भावंडे, दोन भाऊ आणि तीन बहिणी. अब्बांच्या इंतकालनंतर जळगाव जामोदचे घर आमचे पाच जणांचे आणि अम्मींचे झाले. कुरआनच्या सूरह निसामध्ये वाटे स्पष्ट सांगितले आहेत. कर्ज आणि वसीयत यांची पूर्तता झाल्यावर, मुले असतील तर पत्नीला आठवा हिस्सा आणि उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. आमच्या बाबतीत हिशोब सरळ निघाला. घराचे आठ भाग केले तर अम्मींचा एक, तिन्ही बहिणींचा एकेक आणि दोन भावांचे दोन-दोन. इथे एक गोष्ट सांगायला हवी. पत्नीचा मेहर द्यायचा राहिला असेल तर तेही कर्जच आहे आणि ते वाटणीच्या आधी फेडायचे असते. अब्बांनी तो हयातीतच अदा केला होता, म्हणून आमचे काम सोपे झाले.

मरम्मतीचा खर्चही याच आठ भागांत वाटायचा, असे आम्ही सुरुवातीलाच वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. अनेक घरांत एक भाऊ स्वतःच्या मनाने खर्च करतो आणि विक्रीच्या वेळी आकडा सांगतो. बहिणींना तो मान्य करावा लागतो, नाहीतर माहेर तुटते. कधी तर विक्रीच्या आधी त्यांच्याकडून हक्कसोडपत्रच लिहून घेतात. बहिणीचा हिस्सा ही भावाने केलेली मेहरबानी नाही, तो तिचा हक्क आहे. तेव्हा एक पाइपही बदलायचा असला तरी तिला आधी विचारायला हवे.

आता घराविषयी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या आपल्या तालुक्यांत कितीतरी गावांच्या बोअरला खारे पाणी लागते. पूर्वी लोकांनी त्याच पाण्यात वाळू-सिमेंट कालवून घरे बांधली. शिवाय जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्या भेगांत हात जातो. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर घरही जमिनीबरोबर हलते. म्हणून आपल्याकडच्या घरांची दुखणी मुख्यतः तीन. गळके छत, तडा गेलेली भिंत आणि लोणा.

दलालाने घर पाहिले आणि सल्ला दिला, "मास्तर, तीन लाख लावा. पुट्टी, रंग, पुढच्या खोलीला फॉल सीलिंग आणि त्या लोण्याच्या भिंतीला पीव्हीसीचे पॅनल. घर नव्यासारखे दिसेल." सल्ला त्याच्या धंद्याला धरून होता. पण आम्ही कामांच्या तीन याद्या केल्या. केलीच पाहिजेत अशी, स्वस्तात होणारी आणि करायची नाहीत पण सांगायची अशी.

पहिल्या यादीत जिवाला धोका असलेली आणि पाण्याची कामे. वीस-पंचवीस वर्षे जुनी वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी, अर्थिंग पाहावे आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे. विजेचा धक्का बसू लागला की ते क्षणात प्रवाह तोडते. छतासाठी साधी परीक्षा आहे. पन्हाळी बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी दोन दिवस साठवावे आणि खालून पाहावे. स्लॅबला हातोडीने हलके ठोकून ऐकावे. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद आला तर आतली सळई गंजून काँक्रीट सुटलेले असू शकते. खाऱ्या पाण्याच्या बांधकामात हे जास्त होते. सळई घातलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगते. म्हणून मरम्मतीलाही गोडे पाणीच वापरावे. आमची गच्ची दोन ठिकाणी गळत होती. तेवढा कोबा काढून, पाण्याला उतार देऊन तो नव्याने केला. न्हाणीचा झिरपणारा पाइप बदलला.

दुसऱ्या यादीत स्वस्त कामे. दारे-खिडक्यांच्या कड्या, फुटलेली काच, तुंबलेली मोरी, अंगणातले गवत, भंगार आणि आतून एक हात चुना. स्वच्छ घर पाहणाऱ्याला बरे वाटते आणि त्यात कसली फसवणूकही नाही. सगळा खर्च ९६,००० रुपये झाला, म्हणजे एका हिश्श्याला १२,०००. तूर्त तो दोघा भावांनी केला आणि विक्रीच्या रकमेतून आधी तोच वळता करायचे ठरले. बिले जपून ठेवली. घराच्या पक्क्या सुधारणेचा खर्च भांडवली नफा काढताना विचारात घेतला जातो, साध्या रंगरंगोटीचा नाही. याबद्दल कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

तिसरी यादी सगळ्यात अवघड. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे दोन तडे गेले होते. तडा जुना आहे की अजून वाढतो आहे, हे कळायला मिस्त्री एक युक्ती करतात. तड्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून तारीख लिहून ठेवतात. भिंत हलली की काच फुटते. आम्ही मे महिन्यात दोन पट्ट्या लावल्या. दिवाळीला पाहिले तर एक शाबूत होती, दुसरी फुटली होती. म्हणजे एक तडा जिवंत होता.

आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला तीन फुटांपर्यंत लोणा. जमिनीतली खारी ओल भिंतीत चढते, पाणी उडून जाते, मीठ मागे राहते आणि त्याचे खडे प्लास्टरला आतून ढकलतात. वर टाइल किंवा पॅनल लावले की ओल कोंडते आणि आणखी वर चढते. मिस्त्री म्हणाला, "मास्तर, भितीतच मीठ हाये. वरून कितीबी लिपा, ते बाहीर येतेच." प्लास्टर काढून, भिंत पूर्ण उन्हाळा उघडी ठेवून, चुन्याचे प्लास्टर केले तर थोडा फरक पडतो. पण पायाशी ओल अडवणारा थर नाही आणि चिनाईच खाऱ्या पाण्याची आहे, तिथे कुणी हमी देत नाही. म्हणून सुटलेले प्लास्टर काढून आम्ही भिंत उघडीच ठेवली.

इथे घरात मतभेद झाले. धाकट्या भावाचे म्हणणे, घेणाऱ्याला डोळे आहेत, त्याने पाहावे. आपण आपल्या घराची बदनामी का करावी? त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते, कारण प्रश्न मोठ्या आपांचा होता. आपा बेवा आहेत, त्यांच्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण सुरू आहे आणि या घरातला आठवा हिस्सा हीच त्यांची मोठी रक्कम. भाव उतरला तर सगळ्यात जास्त झळ त्यांनाच बसणार होती. पगारदार भावांनी ईमानदारीच्या गोष्टी करणे सोपे असते.

कायदा काय सांगतो ते आम्ही आधी पाहिले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही असा मोठा दोष सांगणे विकणाऱ्याला बंधनकारक आहे. तो न सांगणे ही फसवणूक धरली जाते. म्हणजे उघडी भिंत घेणाऱ्याच्या डोळ्यांवर सोडता येईल, पण त्याच भिंतीवर पॅनल ठोकले की गोष्ट बदलते. काचेची पट्टी फुटली, हे तर आमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते.

दीनची शिकवण त्याहून सोपी आहे. सहीह मुस्लिममधला प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकला आहे. प्रेषित (स.) धान्याच्या ढिगाजवळून जाताना त्यात हात घालतात, बोटांना ओल लागते. विकणारा म्हणतो, पाऊस पडला होता. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषित (स.) विचारतात आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावतात. धान्याची ओल आणि भिंतीची ओल यांत आम्हाला फरक दिसला नाही. फिकहमध्ये तर लपवलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्कच घेणाऱ्याला दिला आहे.

तरी निर्णय आम्ही आपांवर सोडला. त्या एवढेच म्हणाल्या, "त्या घरात उद्या कुणाची तरी मुलगी नांदायला येईल. तिच्या डोक्यावर भिंत नको. माझे थोडे कमी आले तर चालेल." त्यानंतर धाकट्या भावानेच कागद घेतला आणि घराचे दोष एकाखाली एक लिहून काढले. लोणा कुठे आणि किती, कोणता तडा जिवंत आहे, बोअरचे पाणी कसे आहे, गच्ची कधी आणि किती दुरुस्त केली. येणाऱ्या प्रत्येकाला तो कागद दाखवला.

अपेक्षा २४ लाखांची होती. पहिले गिऱ्हाईक कागद वाचून गेले ते परतले नाही. दुसऱ्याने पाडून बोलले. तिसरे एक शेतकरी कुटुंब होते. त्यांनी स्वतःचा मिस्त्री आणला, कागद आणि भिंत ताडून पाहिली, आणि मागची खोली पाडून बांधण्याच्या खर्चापोटी १,६०,००० कमी करायला सांगितले. सौदा २२,४०,००० ला झाला. मरम्मतीचा खर्च वजा जाता एका हिश्श्याला २,६८,००० आले. दोष सांगितल्यामुळे आपांचे वीस हजार कमी झाले, हे खरे आहे. पण त्या कुटुंबाने बाकी कशावरही घासाघीस केली नाही, आणि दोषांचा कागद सौद्याच्या करारनाम्याला जोडून घेतला. त्यामुळे उद्या तक्रारीला जागा उरली नाही.

एक मरम्मत कागदपत्रांचीही असते आणि ती भिंतीच्या आधी करावी. आखीव पत्रिकेवर वारसांची नोंद, नगर परिषदेच्या कराची भरणा पावती, वीजबिलाची थकबाकी आणि जागा नझूलची असेल तर भाडेपट्ट्याची मुदत. वारस नोंदीत बहिणींची नावे असावीतच. आमच्या खरेदीखतावर अम्मींसह सहाही जणांनी विकणारे म्हणून सह्या केल्या आणि ज्याचे पैसे त्याच्या खात्यात गेले.

ज्या बंधू-भगिनींना घर विकायचे आहे, त्यांनी आधी सगळ्या हिस्सेदारांना एकत्र बसवावे, मग मिस्त्रीला बोलवावे आणि दलालाला शेवटी. पाणी आणि वीज यांची कामे करून घ्यावीत. जे दुरुस्त होत नाही ते लिहून द्यावे. खरे बोलून आणि ऐब सांगून केलेल्या सौद्यात बरकत असते, ही हदीसची शिकवण आहे. आपांनी आलेल्या रकमेतून सगळ्यात आधी मुलीची राहिलेली फी भरली. ती पोरगी आता शेवटच्या वर्षाला आहे.