जात्यासमोर कॅमेरा

चांदणी चौक मागे पडला, भूगाव-पिरंगुट ओलांडून पौड आलं, की डोंगर रस्त्याच्या सोबतीला येतात आणि थोड्या वेळानं मुळशीचं पाणी दिसतं. पावसाळ्यातल्या सुटीच्या दिवशी पुणेकर इथं कणसं खातात, पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात. मलाही ते पाणी फार आवडतं. पण त्याच्याखाली भातखाचरं आहेत, हे डोक्यातून जात नाही. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, इथले मावळे सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्याबरोबर धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाला उभे राहिले. लढा काही वर्षं चालला. धरण झालंच. पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरलं, वीज मुंबईला गेली.

भुस्कुट्यांचं पुस्तक आहे, राजेंद्र व्होरांचा अभ्यास आहे. पुढारी, धरण बांधणारी कंपनी, सरकार यांचं म्हणणं त्यांत सापडतं. मला ओढ लागते ती घरातल्या बाईच्या म्हणण्याची. तिला सभेत कोण बोलू देणार? तिचं बोलणं पहाटे व्हायचं, जात्यापाशी, घर झोपेत असताना. माहेर, सासू, भाऊ, विठ्ठल, कर्ज, पाऊस, जमीन, सगळं ती त्या दगडाला सांगायची.

हे बोलणं गोळा करायला पुण्यातलीच दोन माणसं पुढं आली. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण इथलेच होऊन गेलेले गी प्वातवाँ. मुळशी-मावळच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम करता करता त्यांना ओव्या भेटल्या. गावोगावच्या कार्यकर्त्या बायांनी त्या उतरवून घेतल्या. पुढं बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रण केलं. १९९६ला माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांच्या ओव्याही त्यात आल्या. साठा १ लाख ओव्यांच्या पुढं गेला. गी २००४मध्ये गेले, हेमाताई २०१०मध्ये. २०१७पासून ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहानं हा ठेवा लोकांसमोर आणायला सुरुवात केली आणि त्यातल्या काही गावांत कॅमेरा घेऊन पुन्हा माणसं गेली. ते व्हिडिओ मी अनेकदा पाहिले आहेत.

ओवी वाचणं आणि पाहणं यांत किती अंतर आहे, ते मला पौडच्या पुढच्या एका गावात कळलं. आम्ही काही मित्र चित्रीकरणाला गेलो होतो. जातं परसात पडून होतं, पावसात शेवाळलेलं. आजींच्या सुनेनं ते धुऊन ओसरीवर आणलं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मित्राला घरघर नको होती. त्यानं विनवलं, आजी, जातं न फिरवता म्हणा. आजींनी डोळे मिटले, पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या. दुसरी येईना. मग शेजारच्या काकू समोर बसल्या. सुपातली मूठभर नाचणी जात्याच्या तोंडात पडली, दोघींनी खुंटा धरला, वरची तळी फिरू लागली, आणि ओव्या एकामागून एक आल्या. वैरण घालताना हात खुंट्यावरून सुटायचा तेवढा क्षण ओळ लांबायची. एकीचा दम सरला की दुसरी पुढचं चरण उचलायची. कागदावर हे काहीच उतरत नाही. गाणं गळ्यात जेवढं असतं तेवढंच खांद्यात आणि मनगटातही असतं, हे दाखवणं कॅमेऱ्याचं काम.

त्यासाठी कॅमेऱ्यानं गप्प बसायला हवं. आपल्याकडच्या कितीतरी माहितीपटांत बाईनं तोंड उघडलं की लगेच निवेदकाचा भारदस्त आवाज येतो. मला ते सहन होत नाही. ती बोलतेय ना, मग तिचं पुरतं ऐका!

हे ऐकणं हवाईत मोठ्या निष्ठेनं झालं. १९८०मध्ये होनोलुलूजवळच्या सँड आयलंडवरून हवाईयन कुटुंबांना हुसकावण्यात आलं. त्यांत पुहीपाऊ नावाचा माणूस होता. पुढं त्यानं जोन लँडरच्या जोडीनं कॅमेरा हातात घेतला आणि दोघांनी दशकानुदशकं आपल्या बेटांची शेती, भाषा, देवस्थानं, जमिनीचे लढे चित्रित केले. हवाईची राणी पदच्युत कशी झाली ते सांगणारा ‘ॲक्ट ऑफ वॉर’ १९९३चा. जमीन गमावलेल्या माणसानंच जमिनीचा चित्रपट केला, म्हणून त्यांच्या कामाचं मोल मला फार वाटतं.

पुण्याला हे काही अवघड नाही. १९६०पासून इथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. शहरापासून तासा-दीड तासावर ती गावं आहेत. ‘संत तुकाराम’ ज्या प्रभातच्या आवारात तयार झाला, त्याच आवारात आज मुलं कॅमेरा धरायला शिकतात. त्यांच्यातल्या काहींनी तरी मुळशीत, वेल्ह्यात जाऊन राहावं. दोन दिवसांसाठी नव्हे, एक भातपीक निघेपर्यंत.

आणि तुम्हीही. ज्यांनी पहाटेचं दळण दळलंय त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. तुमच्या घरात अशी आजी, आत्या, मावशी असेल तर या दिवाळीत जातं मिळवा, टाकी लावून घ्या, फोन आडवा ठेवा आणि त्यांना दळू द्या. मध्ये बोलू नका. झालेलं चित्रण सगळ्यांत आधी त्यांना दाखवा.