आत्याचं भूतशास्त्र

आत्याचं म्हणणं होतं की भुताने शिस्त पाळली पाहिजे. अमावस्येला येणार असेल तर अमावस्येलाच यावं, आरशात दिसणार असेल तर आरशातच दिसावं. पहिल्या भागात आरशात दिसलेली बाई चौथ्या भागात जाहिरातींच्या तोंडावर फ्रिजमधून निघाली, की आत्या टीव्हीसमोरून उठून मेथी निवडायला बसायची. “आपलं भूत काय करतं हे ह्यांनाच माहीत नाही. मग मी कशाला घाबरू?”

गूढकथा आणि विज्ञानकथांच्या मालिका मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्यांच्याबद्दल माझी ठाम आणि प्रसंगी भांडकुदळ मतं आहेत. त्यांतलं मुद्दल सगळं आत्याचं. मी फार तर व्याज भरलं असेल, तेही अनियमित.

आत्या पुण्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. घरोघरी एसटीडी पोचण्याआधी परगावी फोन लावायचा तर तो आधी बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे त्याचे प्रकार असत. शिवाय पीपी कॉल असे, म्हणजे ठरावीक माणसाचं नाव सांगून लावलेला. तो माणूस लाइनवर आला तरच बोलण्याचे पैसे लागत, नाहीतर नुसता पीपीचा आकार. कानावर हेडफोन, समोर बोर्ड, हातात दोऱ्या आणि पुढ्यात तिकिटांचा गठ्ठा. लग्न न करता रात्रपाळी करणाऱ्या बाईबद्दल वाड्यात जे बोललं जायचं ते तिच्या कानावर येत नसे असं नाही. “दिवसभर आवाजच ऐकते मी, त्यात ह्यांचे कुठे ऐकू?” असं म्हणून ती चहा ठेवायची. चेहरे नसलेल्या आवाजांत तिने नोकरी काढली. भुताखेतांची तिला भीती नव्हती ती बहुतेक त्यामुळेच, आणि त्यांची गोडी होती तीही त्यामुळेच.

आजोबा गेले तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. ते गेल्यानंतर मला रात्री त्यांचा खोकला ऐकू यायला लागला. आई म्हणाली, रामरक्षा म्हण. बाबा म्हणाले, असलं काही नसतं, झोप. आत्याने तिकिटांच्या कोऱ्या पाठी शिवून केलेली वही माझ्या हातात दिली आणि विचारलं, “किती वाजता येतो? रोज येतो का? माजघरातून येतो की ओसरीवरून? लिहून ठेव.” मी लिहीत गेले. गुरुवारी खोकला येत नव्हता. शेजारच्या वाड्यातला पंप गुरुवारी बंद असायचा. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला हायसं वाटलं आणि जरा वाईटही वाटलं. आत्याने वही वाचली, मान डोलावली. आजोबा येत नव्हते असं मात्र ती म्हणाली नाही. म्हणाली, “गुरुवारचं उत्तर मिळालं. बाकीच्या वारांचं बघू.” भीतीला हिडीसफिडीस न करता तिची नोंद ठेवायला शिकवणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही.

घरात धारप होतेच. लायब्ररीच्या खाकी कव्हरातली नारायण धारपांची पुस्तकं आत्या ड्यूटीवरून येताना आणायची. दिवाळीत ‘धनंजय’ आणि ‘नवल’चे अंक यायचे. समर्थ हे धारपांचं गाजलेलं पात्र, पण तिला ते फारसं रुचत नसे. समर्थ आले की आता सगळं ठीक होणार हे वाचकाला कळतं, मग उरलेली पानं औषधाच्या डोसांसारखी नुसती संपवायची. ‘लुचाई’ तिला आवडे. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ आहे हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं, आणि त्याच कादंबरीवर टोबी हूपरने १९७९ साली केलेली टीव्ही मालिका तर त्याहूनही उशिरा पाहायला मिळाली. त्यात रक्तपिपासू झालेला मुलगा धुक्यात तरंगत मित्राच्या खिडकीशी येतो आणि काच खरवडतो. त्याला आत घ्या म्हटल्याशिवाय आत येता येत नाही. आत्या म्हणाली, “हा खरा नियम. खिडकी उघडणारा आपलाच असतो.”

रत्नाकर मतकरींकडे तिचा ओढा जास्त होता. त्यांची माणसं फ्लॅटमध्ये राहतात, कचेरीत जातात, लोकल पकडतात. पिंपळ आणि पडका वाडा त्यांना लागत नाही. मतकरी स्वतः बँकेत नोकरी करत होते हे कळल्यावर तिला ते आपल्यातलेच वाटले. ‘गहिरे पाणी’ मालिका लागायची तेव्हा आमच्याकडे स्वयंपाक लवकर उरकायचा. एका बैठकीत गोष्ट सुरू होऊन संपायची आणि गूढाला तेच मानवतं असं माझं अजूनही मत आहे. जयंत नारळीकरांबद्दल मात्र ती निर्दय होती. आपलं नाव ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली, आद्याक्षरं उलटी करून. हा किस्सा तिला भयंकर आवडे. पण कथांबद्दल म्हणे, “गणित चोख आहे, माणसं मात्र घाईत असतात.” मला हे पटलं नव्हतं. आता निम्मं पटतं.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची. शनिवारची रात्रपाळी करून आलेली आत्या ती संपल्याशिवाय झोपायची नाही. टीव्ही कृष्णधवल, मालिका वीस वर्षं जुनी, इंग्रजी माझ्या डोक्यावरून जाणारं. ती मला अर्धी गोष्ट सांगायची आणि उरलेल्या अर्ध्यात ‘गप बस’ म्हणायची. कर्क तिला दिखाऊ वाटे. स्पॉकला ती ‘कानवाला’ म्हणे आणि त्याच्याबद्दल आदराने बोले. माणसं एका जागी विरघळून दुसऱ्या जागी उमटतात ही कल्पना मला जादूची वाटायची. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवण्याचा खर्च परवडेना म्हणून निर्मात्यांनी ही युक्ती काढली, हे पुढे वाचनात आलं. आत्याला सांगितलं तेव्हा ती खूश झाली. तिच्या मते चांगली कल्पना अशी पैशांच्या चणचणीतूनच निघते. दूरदर्शनच्या ‘स्पेस सिटी सिग्मा’ला चणचण पुष्कळ होती, कल्पना तेवढ्या निघाल्या नाहीत. तरी त्यातले कॅप्टन तारा आणि झकाकू मी एकदाही चुकवले नाहीत. प्रेमात असं चालतं.

‘स्टार ट्रेक’चा अमेरिकेत सगळ्यात आधी दाखवला गेलेला भाग, ८ सप्टेंबर १९६६चा ‘द मॅन ट्रॅप’, ही खरं तर भुताची गोष्ट आहे. ओसाड ग्रहावर एक प्राणी उरलेला असतो, आपल्या जातीतला शेवटचा. त्याला जगायला मीठ लागतं आणि ते तो माणसांच्या शरीरातून ओढून घेतो. डॉक्टर मॅकॉयला तो जुन्या प्रेयसीच्या रूपात दिसतो, तीही होती तशी तरुण. दुसऱ्याला वेगळ्या, तिसऱ्याला आणखी वेगळ्या. आत्याने लगेच ओळखलं. “हा तर चकवा.” पण चकव्याला भूक असते, तो आपल्या जातीतला शेवटचा असतो आणि त्याला मारताना डॉक्टरचा हात थरथरतो, हे आमच्या वाड्यातल्या कुठल्याही गोष्टीत नव्हतं. ‘सायको’ लिहिणाऱ्या रॉबर्ट ब्लॉकने ह्याच मालिकेसाठी ‘वुल्फ इन द फोल्ड’ लिहिला. त्यात लंडनचा जॅक द रिपर हा माणूस नसून, भीतीवर जगणारं आणि शतकानुशतकं शरीरं बदलत अंतराळात पोचलेलं काहीतरी आहे. भूत आणि परग्रहवासी ह्यांना वेगळ्या कपाटांत ठेवणारे लोक भेटले की मी त्यांना हे दोन भाग पाहायला सांगते.

मी आयुर्विम्यात नोकरीला लागले तोवर घरात केबल आली होती आणि ‘द एक्स फाइल्स’ दिसत होती. परग्रहवासीयांच्या कटाची लांबत गेलेली कथा आत्याने दुसऱ्या वर्षीच सोडली. तिचं म्हणणं, हे लोक कॉल बुक करतात आणि जोडून देत नाहीत. मालिकेच्या चाहत्यांत यावरून पुष्कळ भांडणं आहेत. मी आत्याच्या बाजूची. सुटी, एका भागात संपणारी प्रकरणं हेच त्या मालिकेचं वैभव. त्यातही डॅरिन मॉर्गनने लिहिलेलं ‘क्लाइड ब्रुकमन्स फायनल रिपोज’. क्लाइड ब्रुकमन विमा विकतो आणि समोरचा माणूस कसा मरणार एवढंच त्याला दिसतं, दुसरं काही नाही. लॉटरीचे आकडेसुद्धा नाहीत. १९९६ साली त्या भागाच्या लेखनाला आणि पीटर बॉइलच्या अभिनयाला एमी पुरस्कार मिळाले. मी तो पाहिला तेव्हा दिवसभर मृत्युदाव्यांच्या फायली पाहून आले होते. आत्या म्हणाली, “बघ, वरदान दिलंय आणि त्याची किंमतही त्याच्याकडूनच वसूल केलीय.” नियम काय, आणि किंमत कोण देतं, हे दोन प्रश्न ती सगळ्या गोष्टींना विचारायची. आता ते माझ्या तोंडी आहेत आणि घरातली मंडळी मला कंटाळली आहेत.

मराठी मालिकांना तिने सवलत दिली नाही. २००७ साली आलेली ‘असंभव’ तिने नेमाने पाहिली, आणि नीलम शिर्केंच्या सुलेखासाठी ती फोनसुद्धा घ्यायची नाही. एका ऑपरेटरकडून ह्याहून मोठी दाद कोणती! ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली सुरू झाली तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. मालवणी ऐकून ती सुखावली. आकेरीचा तो वाडा, पांडूचं विसरभोळेपण, अंगणातला अंधार, हे सगळं तिला आवडलं. पण रोज रात्री ठरल्या वेळी काहीतरी भयंकर घडलंच पाहिजे म्हटल्यावर भीतीची बिदागी कमी होत जाते. आठवड्यातून सहा वेळा दचकणारं घर सातव्या वेळी दचकत नाही. हा दोष कुणा एका लेखकाचा नाही, रोजच्या मालिकेच्या साच्याचा आहे. २०१९ साली दुसरं पर्व आलं ते मागच्या काळात गेलं आणि अण्णा नाईक जिवंतपणी काय होते ते दाखवू लागलं. माधव अभ्यंकरांचे अण्णा भूत नसताना जास्त भीतिदायक होते. इथे आत्याचं आणि माझं पूर्ण एकमत झालं, आणि असं क्वचितच व्हायचं.

ती निवृत्त झाल्यावर मी तिला जुन्या परदेशी मालिकांच्या डीव्हीडी आणून द्यायचे. परतफेड म्हणायला मला संकोच वाटतो. मलाही त्या पाहायच्याच होत्या. ‘द ट्वायलाइट झोन’मधला ‘नाइट कॉल’ तिच्यासाठीच केला होता असं वाटावं. रिचर्ड मॅथेसनची कथा आणि जॅक टूर्नरचं दिग्दर्शन. तो २२ नोव्हेंबर १९६३ला दाखवायचं ठरलं होतं, त्या दिवशी केनेडींची हत्या झाली आणि तो पुढच्या ७ फेब्रुवारीला लागला. एका एकट्या वृद्धेला रात्री फोन येतात. आधी नुसती खरखर, मग पुरुषाचा अस्पष्ट आवाज. ती घाबरून त्याला पुन्हा फोन करू नकोस म्हणून खडसावते. मग कळतं की वादळात तुटलेली तार दफनभूमीत पडली आहे, आणि ती पडली आहे तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या कबरीवर. तरुणपणी तिच्या हट्टापायी झालेल्या अपघातात तो गेला होता. हयातभर तो तिच्या शब्दाबाहेर नव्हता. आता ती आसुसून फोन उचलते, तर तो तिची शेवटची आज्ञा पाळतो आणि गप्प होतो.

आत्याने आधी तांत्रिक हरकत घेतली. तार तुटून जमिनीला टेकली तर खरखर येईल, पण घंटी वाजवायला करंट एक्सचेंजमधूनच सोडावा लागतो. “म्हणजे तिथली कुणीतरी ऑपरेटर त्याला सामील आहे,” ती म्हणाली आणि ह्या शक्यतेवर बराच वेळ खूश होती. मॅथेसनच्या मूळ कथेत शेवटी तो मेलेला माणूस आपण भेटायलाच निघाल्याचं कळवतो. अंगावर काटा तिथे जास्त येतो. पण मालिकेतला शेवट मला कितीतरी मोठा वाटतो, कारण तिथे किंमत बरोबर माणसाकडून वसूल होते. हे मी म्हटलं तेव्हा आत्या नुसती हसली. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची तिला सवय नव्हती.

आमचं शेवटचं मोठं भांडण झालं ते नायजेल नीलच्या ‘द स्टोन टेप’वरून. बीबीसीने १९७२च्या नाताळच्या दिवशी दाखवलेलं हे नाटक. जपान्यांच्या पुढे जाईल असं ध्वनिमुद्रणाचं नवं माध्यम शोधायला एक कंपनी आपले संशोधक जुन्या हवेलीत पाठवते. तिथल्या एका खोलीत पूर्वी मेलेल्या मोलकरणीची किंकाळी ऐकू येते. पीटर ब्रॉक हा त्यांचा म्होरक्या ठरवतो की इथे भूत नाही. दगडाने तो क्षण टिपून ठेवला आहे आणि दगड तो पुन्हा वाजवतो आहे. यंत्रांच्या धुमाकुळात ती किंकाळी पुसली जाते. जिल नावाच्या तरुणीच्या लक्षात येतं की पुसलेल्या थराखाली त्याहून कितीतरी जुनं काहीतरी आहे. तिचं कुणी ऐकत नाही आणि तिचा जीव जातो.

माझ्या मते भूत आणि विज्ञान ह्यांचा इतका सुरेख सांधा टीव्हीवर दुसऱ्या कुणी जोडलेला नाही. आत्याला ते मान्य नव्हतं. “ही रेकॉर्डेड अनाउन्समेंट झाली. ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत.’ त्यात भूत कुठे आलं? भुताने उत्तर द्यायला पाहिजे.” मी वाद घातला. शेवटी ब्रॉक पुन्हा त्या खोलीत जातो तेव्हा दगडावर नवं मुद्रण झालेलं असतं, जिलचं, मरताना त्याचंच नाव घेऊन मारलेल्या हाकांचं. ही काय सगळ्यांसाठीची अनाउन्समेंट आहे? आत्याने तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितला. पाहिला. चष्मा काढून पुसला.

“नाव घेऊन हाक मारली, म्हणजे पीपी कॉल झाला ग हा,” ती म्हणाली. “आणि ज्याला बोलावलं तोच लाइनवर आला. पूर्ण चार्ज लागणार त्याला.”