मगरींच्या बँकेत शिल्लक जास्त झाली!

चेन्नईहून समुद्राच्या कडेकडेने महाबलीपुरमकडे निघाले, की साधारण चाळीस किलोमीटरवर वडनेम्मेली हे गाव लागते. येथेच, बंगालच्या उपसागराच्या वाळूला लागून, झाडीने भरलेले साडेआठ एकरांचे एक आवार आहे. कठड्यावरून आत डोकावणाऱ्याला प्रथम दिसतात ते उन्हात पडलेले करड्या रंगाचे ओंडके. मग त्यातला एक ओंडका हळूच जबडा उघडतो आणि कडेवरचे मूल आईला घट्ट बिलगते. एकावर एक रेललेल्या, पाण्यात नुसते डोळे ठेवून तरंगणाऱ्या मगरीच मगरी! हीच ती मद्रास क्रोकोडाइल बँक.

मगरींची बँक हे नाव कानाला विचित्र वाटते खरे, पण त्यामागे विचार होता. कातड्यासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने भारतातल्या मगरी जवळजवळ संपत आल्या होत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना अभय दिले आणि १९७५ मध्ये सरकारने मगर संवर्धन प्रकल्प हाती घेतला. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर आणि झाई व्हिटेकर यांनी ही बँक उभी केली. झाई या मुंबईच्या फतेहअली कुटुंबातल्या, पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या नात्यातल्या. मगरींची ठेव येथे सुरक्षित ठेवायची, ती वाढवायची आणि व्याजाची पिले नद्यांना परत द्यायची, असा हा हिशेब होता.

ठेव वाढली, पण कल्पनेपलीकडे! नदीकाठच्या मगरीची मादी वाळूत खड्डा करून एका वेळी पंचवीस-तीस अंडी घालते. येथे असे दिसून आले, की पोटभर खाणे आणि ऊब मिळाली तर काही माद्या एकाच हंगामात दोनदा अंडी घालतात. म्हणजे दहा माद्यांची वर्षाला पाचशे अंडी! नदीवर घोरपडी, मुंगूस, कोल्हे, पक्षी आणि मोठे मासे यांतली बहुतेक अंडी-पिले फस्त करतात. कुंपणाच्या आत हे शत्रू नाहीत, त्यामुळे काळजी घेतली की बरीचशी पिले जगतात. अंड्यातून नर निघणार की मादी, हेही वाळूच्या उष्णतेवर ठरते. एकतीस अंशांपर्यंत माद्या, साडेबत्तीसच्या आसपास नर. एवढे बारकावे माणसाला कळले, पण जन्मलेल्या पिलांना जागा कुठून आणायची, हे मात्र कळेना.

सुरुवातीच्या वर्षांत शेकडो मगरी निरनिराळ्या राज्यांच्या वनखात्यांकडे गेल्या, जलाशयांत सोडल्या गेल्या. पण ज्या पाण्यात मगर, त्याच पाण्यावर धुणे धुणाऱ्या बायका, जाळे टाकणारे कोळी आणि पाण्यावर आलेली गुरे. सांगलीकडे कृष्णाकाठच्या गावांना आणि वाशिष्ठीकाठच्या चिपळूणकरांना हे वेगळे सांगायला नको. १९९० च्या दशकात मगरी सोडण्याचा कार्यक्रम थांबला. कातड्यासाठी रीतसर मगरशेती करावी, असाही एक विचार पूर्वी पुढे आला होता, पण भारतीय कायद्याला तो मान्य नव्हता. मगरी मात्र वाढतच गेल्या आणि आकडा दोन हजारांच्या पुढे गेला.

मग बँकेने मन घट्ट करून एक निर्णय घेतला. हंगामात वाळूतली घरटी शोधायची आणि अंडी काढून ती उबू द्यायची नाहीत. ज्या संस्थेचा जन्मच अंडी जपण्यासाठी झाला, तिच्यावर ही वेळ यावी! काम जोखमीचेही आहे, कारण आई घरट्यापासून फार लांब नसते. आणि ही आई मायाळू असते. पिलांची हाक ऐकून ती वाळू उकरते आणि त्यांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते. नर मगरीही कधी कधी हे काम करताना येथे आढळल्या आहेत. हे ठाऊक असलेल्यांनीच अंडी काढायची, म्हणजे ते सोपे कसे असेल?

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मगर पन्नास वर्षांहूनही अधिक जगते. जन्मलेल्या प्रत्येक पिलाला तेवढी वर्षे पाणी, ऊन, खाणे आणि भांडण टाळण्यापुरती जागा द्यावी लागते. दाटीत मोठ्या मगरी लहानांना चावतात, कधी जिवे मारतात. अलीकडे सुमारे एक हजार मगरी गुजरातेत जामनगरच्या प्राणिकेंद्रात हलवण्याची परवानगी मिळाली. त्यावर मद्रास उच्च न्यायालयात वाद गेला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने स्थलांतराच्या बाजूने कौल दिला. त्याच आवारात लांब, निमुळत्या तोंडाच्या घडियालांचे मात्र वेगळे आहे. ही जात आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे, म्हणून तिचे प्रत्येक अंडे मोलाचे मानले जाते.

मोठ्या संस्थेची ही गत, तर घरातल्या काचेच्या पेटीचे काय? मुलाच्या हट्टापायी आणलेले रुपयाएवढे लाल कानाचे विदेशी कासव काही वर्षांत ताटलीएवढे होते. ते वीस-तीस वर्षे जगते. कंटाळलेली मंडळी त्याला जवळच्या तळ्यात सोडतात आणि तेथल्या देशी कासवांच्या तोंडचा घास जातो. चांदणी कासवासारखे देशी प्राणी घरात ठेवणे तर गुन्हाच आहे. कायद्याच्या यादीतल्या विदेशी जातींची आणि त्यांच्या पिलांची नोंद २०२४ च्या नियमांनी सक्तीची केली आहे. घरच्या इग्वानाने किंवा अजगराने अंडी घातली, तर ती उबवण्यापूर्वी प्रत्येक पिलासाठी जन्मभराचे घर ठरलेले आहे का, हे पाहावे. ठरलेले नसेल, तर ताजी अंडीच फ्रीजरमध्ये ठेवून थांबवणे हा त्यातल्या त्यात दयेचा मार्ग.

महाबलीपुरमची शिल्पे पाहायला निघालेल्यांनी वाटेत दोन तास या बँकेसाठी राखून ठेवावेत. शक्यतो सकाळी जावे, ऊन चढण्याआधी. मुले विचारतील, "एवढ्या मगरी कशाला?" या प्रश्नाचे उत्तर त्यांना सावकाश द्यावे. पुढे कधी ती एखादे कासव घरी आणण्याचा हट्ट धरतील, तेव्हा हे उत्तर उपयोगी पडेल.