हजची तयारी आणि ३१ मार्च

माझे अब्बा आणि अम्मी २०२३ च्या या जूनमध्ये हजला निघताहेत. सोनाळ्याहून शेगाव, शेगावहून रेल्वेनं मुंबई आणि मुंबईहून विमानानं जेद्दा. दोघांनीही आजवर विमान पाहिलं ते शेतात उभं राहून, मान वर करून. अब्बांचा सगळ्यात लांबचा प्रवास अजमेरचा. अम्मीचा नागपूरचा, तोही माझ्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी.

भेटेल तो म्हणतो, "नंबर लागला, नशीबवान आहेत." नंबर यंदा लागला हे खरं. पण तयारी सुरू होऊन वीस वर्षं झाली. ती तयारी नेमकी कशाची होती, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून लिहून ठेवतोय.

सोनाळा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बुलडाणा जिल्हा, संग्रामपूर तालुका, सातपुड्याचा पायथा. गावामागे अंबाबरव्याचं जंगल. गावात सोनाजी महाराजांची यात्रा भरते. लहानपणी आम्ही पोरं तिची वाट ईदेसारखीच पाहायचो. आमची पाच एकर शेती. कपाशी, तूर, थोडा सोयाबीन.

अब्बांच्या डोक्यात हज शिरली ती शेगावच्या स्टेशनवर. त्यांचे मामू निघाले होते. तेव्हा लोक मुंबईहून 'अकबर' जहाजानं जायचे, समुद्रावर आठवडाभर. गाडी हलली तेव्हा मामू रडत होते, पोहोचवायला आलेले सगळे रडत होते. अब्बा तेव्हा विशीतले. ते म्हणतात, "मला वाटलं, माणूस एवढा रडत जातो नि तरी जातोच, तिथं काही तरी असलंच पाहिजे." १९९५ नंतर जहाजं बंद झाली. पण आमच्या घरात "जहाज लागलं की जाऊ" हा वाक्प्रचार राहिला. घर बांधायचं असो की लग्न काढायचं, अम्मी म्हणायची, "आधी तुमचं जहाज लागू द्या."

हज फर्ज आहे, पण ज्याची ऐपत आहे त्याच्यावर. मौलाना त्याला इस्तिताअत म्हणतात. जाण्यायेण्याचा खर्च हवा, मागे राहणाऱ्या घराची सोय हवी, अंगात ताकद हवी, आणि डोक्यावर देणं नको. नोकरदाराला हे सोपं आहे. रिटायर झाला, फंड मिळाला, फॉर्म भरला. शेतकऱ्याचं काय? आमच्याकडे दर जूनला पीककर्ज उचलल्याशिवाय बियाणं येत नाही. मग आमच्यासारख्यांची ऐपत कधी मोजायची? पेरणीच्या आधी की कापूस विकल्यावर?

अब्बांनी त्यावर आपलं उत्तर शोधलं होतं. ते होतं ३१ मार्च.

काही झालं तरी ३१ मार्चच्या आत बँकेचं पीककर्ज फेडायचं. एक तर व्याजाला आपल्यात मनाई. तेव्हा वेळेत फेडलं की डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत एक लाखापर्यंतच्या कर्जाचं व्याज सुटायचं, म्हणून कर्ज लाखाच्या आतच ठेवायचं. आणि दुसरं म्हणजे, निदान ३१ मार्च ते पेरणी एवढे दोन महिने माणूस कुणाचं देणं लागत नाही. "बुलावा आलाच तर या दोन महिन्यांत यावा," असं ते म्हणायचे.

या हट्टापायी अम्मीनं काय काय सोसलं ते मी पाहिलंय. एका वर्षी कापसाचा भाव वर जाणार असं सगळे सांगत होते, अब्बांनी मार्चमध्येच विकून टाकला. एका वर्षी अम्मीच्या शेळ्या गेल्या. २०१७ ला कर्जमाफीची हवा सुरू झाली तेव्हा शेजारचे काका ओट्यावर बसून म्हणाले, "काऊन गा चाचा, एवढी घाई कायची? माफी येऊन रायली. भरणारे तेवढे येडे ठरून रायले." जूनमध्ये माफी आली, दीड लाखांपर्यंत. डिसेंबर २०१९ ला पुन्हा आली, दोन लाखांपर्यंत. दोन्ही वेळा यादीत अब्बांचं नाव नव्हतं, कारण त्यांचं काही थकलेलंच नव्हतं.

मी तेव्हा चिडलो होतो. ज्यांची माफी झाली ते काही चोर नव्हते. खरोखर बुडालेली माणसं होती, आणि आमच्यापेक्षा वाईट दिवस काढलेली. माझा राग अब्बांवर होता. तुमच्या हजच्या नादात अम्मीच्या शेळ्या का गेल्या, असं मी तोंडावर विचारलं. ते काही बोलले नाहीत. अम्मीच मला म्हणाली, "तू जेव. हिशेब आमचा आहे."

पहिला फॉर्म भरला तो २०२० च्या हजसाठी, आदल्या वर्षाच्या हिवाळ्यात. २०१८ ला सबसिडी बंद झाल्यानंतर आमच्यापैकी काही जण कुरकुरत होते. अब्बांना उलट बरं वाटलं होतं. "ऐपतीची गोष्ट आहे, तर ऐपत आपली असावी." जानेवारीत कुर्रा निघाला, म्हणजे चिठ्ठ्या. दोघांचा नंबर लागला. माणशी ८१ हजारांचा पहिला हप्ता भरला. अब्बांनी हिशेब मांडला होता की हज जुलैच्या शेवटी येते, तोवर पेरणी उरकलेली असेल, फक्त डवरणी उरेल, ती पोरगा करून घेईल. चांद्रवर्षामुळे हज दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकते. कुणी तिचा हिशेब रमजानशी मांडतं, आमच्या अब्बांनी तो मृगाशी मांडला होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये सौदीनं बाहेरच्या यात्रेकरूंना येता येणार नाही असं जाहीर केलं. पैसे खात्यात परत आले. अम्मीनं शिवलेल्या दोन थैल्या कपाटात वर गेल्या. २०२१ लाही दार बंदच राहिलं.

२०२२ चा फॉर्म भरला, आणि एप्रिलमध्ये, रमजान सुरू असताना बातमी आली. हज उघडली, पण ६५ वर्षांखालच्यांसाठी. कागदावर अब्बा ६६ चे.

'कागदावर' म्हणतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं वय लिहिलं होतं. पोरगा उंच दिसतो म्हणून दोन वर्षं वाढवलं, असं दादी सांगायची. ते खरं असेल तर अब्बा ६४ चे, म्हणजे चालले असते. तालुक्याच्या एका माणसानं सुचवलं, प्रतिज्ञापत्र करा, जन्मतारीख दुरुस्त होऊन जाईल. अब्बांनी विचार केला आणि म्हणाले, "खरी तारीख मलाच माहीत नाही. मग शपथ कशाची घेऊ?"

त्या दिवशी इफ्तार झाल्यावर ते अम्मीला म्हणाले, "तू जा. पोराला सोबत घे." अम्मी साठीची, तिला अडचण नव्हती.

घरात आम्ही जी बोली बोलतो ती धड उर्दू नाही नि धड वऱ्हाडी नाही. अम्मी त्या बोलीत एवढंच म्हणाली, "तुम नै तो मैं बी नै."

अब्बा चिडले. हज प्रत्येकाची आपली असते, नवऱ्यासाठी थांबवून ठेवायची नसते, तुला शुगर आहे, पुढच्या वर्षाचा काय भरवसा, असं बरंच काही बोलले. मौलानांनाही विचारून आले. ऐपत असेल तर टाळू नये, असं मौलाना म्हणाले. अब्बांनी ते विजयी चेहऱ्यानं घरी सांगितलं.

अम्मी भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "ऐपत असेल तर ना? जमीन तुमची. खातं तुमचं. माझं सोनं पोरीच्या लग्नात गेलं, शेळ्या बँकेत गेल्या. माझ्या नावावर काय आहे ते मौलानांना सांगितलं का? माझ्यावर हज फर्ज झालेलीच नाही. तुमच्यावर झाली आहे. तुमच्याबरोबर येईन, तुमच्या जागी जाणार नाही."

अब्बा उठून बाहेर गेले. मीही काही बोललो नाही. वीस वर्षं ज्या स्वप्नाला आम्ही 'दोघांचं' म्हणत होतो, त्यात अम्मीची मेहनत होती, शेळ्या होत्या, शिवलेल्या थैल्या होत्या. नाव मात्र नव्हतं. हे तिला केव्हापासून माहीत होतं कोण जाणे. भांडण तिला करायचंच नव्हतं. तिला न जाण्यासाठी एक कारण हवं होतं आणि तिनं खरं कारण दिलं, एवढंच.

त्या वर्षी कुणीच गेलं नाही. मला भीती होती ती अम्मीच्या शुगरची. तिनं जुगार खेळला होता, आणि डाव वर्षभर उघडणार नव्हता.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला नियमित कर्ज फेडणाऱ्यांना सरकारकडून ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनाची रक्कम यायला सुरुवात झाली. घोषणा जुनी होती, आम्ही विसरलोही होतो. एक दिवस अब्बांचं नाव यादीत निघालं. अंगठा दिला, पैसे आले. दुसऱ्या दिवशी ते अम्मीला घेऊन बँकेत गेले. तिचं खातं होतं, त्यात गॅसच्या सबसिडीशिवाय काही आलेलं नव्हतं. सगळी रक्कम त्यात टाकली. पासबुक तिच्या हातात देऊन म्हणाले, "शेळ्यांचे." एवढाच शब्द. अम्मीनं पासबुक उघडून पाहिलं नाही, पदरात गुंडाळलं. पण त्या रात्री तिनं कपाटावरच्या थैल्या खाली काढल्या.

२०२३ ला वयाची अट उठली. दोघांचा फॉर्म एकाच कव्हरमध्ये भरला. एका कव्हरमधल्या सगळ्यांचा नंबर लागतो किंवा कुणाचाच नाही. अम्मीला ही पद्धत फार पसंत पडली. नंबर लागला. मुंबईहून माणशी तीन लाखांच्या वर खर्च होता. नागपूर किंवा औरंगाबादहून तो आणखी वाढत होता, म्हणून मुंबई धरली. ३१ मार्चला अब्बा नेहमीप्रमाणे बँकेत जाऊन आले.

तेव्हापासून दोघं फजरनंतर टुनकीच्या रस्त्यानं चालायचा सराव करतात. तवाफच्या सात फेऱ्या, सफा-मरव्याच्या सात, शिवाय मिना, अराफात, मुजदलिफा. चालणं भरपूर आहे. पंढरीची पायी वारी केलेल्या शेजारच्या काकांनी अम्मीला पायाची सगळी विद्या शिकवली. नवी चप्पल नेऊ नका, रात्री तळव्याला खोबरेल चोळा, फोड आला तर फोडू नका. हे तेच काका, "भरणारे येडे" म्हणणारे. आता ते सगळ्यांना सांगतात, "आमच्या चाचाचा नंबर लागला."

एकच गोष्ट अब्बांना खाते आहे. हज सरकत सरकत २०२३ ला जूनच्या शेवटच्या आठवड्यात आली, नेमकी पेरणीत. आयुष्यात पहिल्यांदा पाऊस पडेल आणि ते शेतात नसतील. मी रजा टाकली आहे. मला तिफण धरता येत नाही हे त्यांना माहीत आहे. ट्रॅक्टरवाल्याशी तेच बोलून ठेवलंय.

गेल्या आठवड्यात दोघं घरोघर जाऊन माफी मागून आले. कहा-सुना माफ करा, काही देणं राहिलं असेल तर सांगा. धुऱ्यावरून ज्यांच्याशी दहा वर्षं बोलणं नव्हतं त्यांच्या दारात अम्मी आधी गेली, अब्बा मागून. चहा झाला. धुरा आहे तिथंच आहे, पण बोलणं सुरू झालं.

काल अब्बांनी मला एक वही दिली. तिकडे माणूस गेला तर तिकडेच दफन होतो, हे ते सहज सांगून गेले. वहीत सगळे हिशेब आहेत. कृषी केंद्राचे ३४० रुपये द्यायचे होते, ते दिले अशी खूण. आमच्याकडून कुणी उसने नेलेल्याची यादी, आणि पुढे 'मागू नको' असा शेरा. यंदाच्या पीककर्जाचा आकडा. अम्मीचे पन्नास हजार, 'तिचे, तिला विचारल्याशिवाय हात लावू नको.'

शेवटच्या पानावर एकच ओळ आहे: '३१ मार्च विसरू नको.'