कौलावरची म्हैस

मुलांनो, गोष्ट २०१९ च्या दिवाळीनंतरची. कृष्णाकाठच्या आमच्या शाळेत चौथीच्या मुलांनी जुन्या लग्नपत्रिकांचं गाव करायला घेतलं. पत्रिकेच्या घडीवर दोन सारख्या चिरा द्यायच्या, मधली पट्टी आत ढकलायची. पत्रिका अर्धी उघडली, की घर उभं! प्रत्येकाचं एक घर, सगळ्यांचं मिळून गाव.

एकानं कौलावर म्हैस चिकटवली. "असं असतं का कुठं?" म्हणत मी ती काढली. तो हळूच म्हणाला, "बाई, पुरात आमची म्हैस गेली. म्हणून हिला आधीच वर चढवलीय."

मी गप्पच झाले. माझ्या हातानं म्हैस पुन्हा चिकटवली. दुसऱ्या दिवशी बघते तर काय, प्रत्येक घरावर कोणी ना कोणी! शेळी, कोंबडी, आजीसुद्धा!

तुमच्या गावात तुम्ही आधी कोणाला चढवाल?