आई गावाला असते

लालबाग-परळच्या चाळींत एके काळी आई गावाला असायची. एका खोलीत दहा-बारा गिरणी कामगार, जेवण खानावळीत, आणि म्हातारी आई, बायको, पोरं कोकणात नाहीतर घाटावर. कुणी विचारलं तर ‘आई गावाला’ हे सरळ, खरं उत्तर होतं. म्हणूनच की काय, पिल्लू विकणारा जेव्हा सांगतो, ‘ह्याची आई इथं नाही, गावाला फार्मवर आहे,’ तेव्हा आमच्या कानांना ते खटकत नाही. खटकायला हवं. घरात कुत्र्याचं पिल्लू आणायला निघालेल्यांनी एकच हट्ट धरायचा असेल, तर तो त्याची आई बघण्याचा धरावा.

क्रॉफर्ड मार्केटातल्या पिंजऱ्यांसमोर गिरगाव-परळची किती मुलं वडिलांचा हात ओढत थांबली असतील! १९९४मध्ये ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आला आणि चाळीचाळीत तसलंच पांढरं केसाळ पिल्लू हवंसं झालं. पुढे हचच्या जाहिरातीतला पग आला. जाहिरातीत त्याचा श्वास ऐकू येत नाही. मे महिन्याच्या घामट दुपारी त्या चपट्या नाकातून घरघर करत हवा ओढणारा जीव पाहिला की कळतं, आपल्या हौसेची किंमत कोण मोजतंय. हस्की तर बर्फातला प्राणी. त्याला मुंबईत आणूच नये, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या मजल्यावर असंच एका दुकानातून पिल्लू आलं होतं. इवलंसं, मूठभर. दुकानदार म्हणाला होता, दोन महिन्यांचं आहे. ते आल्यापासून झोपूनच असायचं आणि सगळे कौतुकाने म्हणायचे, किती शांत आहे! तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. त्याला टॉवेलात गुंडाळून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं. कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, पण आम्हा परळकरांच्या तोंडी बैलघोडाच. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही १८८६ साली ह्याच आवारात सुरू झालं. डॉक्टरांनी दात पाहिले आणि म्हणाले, हे पाच आठवड्यांच्या वर नाही. सलाईन लावलं, रात्रभर झटले. पिल्लू गेलं. पार्व्हो होता. त्याची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे आजार बहुधा त्याच्यासोबतच आला होता. हा विषाणू फरशीत, पायपुसण्यात महिनोन्‌महिने तग धरतो, म्हणून त्या घरात लगेच दुसरं पिल्लू आणायचीही सोय उरली नाही. त्या घरातली लहान मुलगी कितीतरी दिवस त्याची वाटी कुणाला उचलू देत नव्हती.

पिल्लाला आईच्या पहिल्या चिकातून रोगांशी लढायची ताकद मिळते. ती हळूहळू ओसरते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून लशी सुरू करायच्या आणि जवळजवळ चार महिन्यांपर्यंत पुऱ्या करायच्या. कायदाही पिल्लाच्या बाजूने आहे. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही, ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि एका मादीची आयुष्यात पाचांहून जास्त बाळंतपणं करता येत नाहीत. नोंदणीचा कागद मागायला संकोच कसला? तो मागितल्यावर जो चिडतो, त्याच्या दारातून परत फिरावं. ‘पेपरवालं पिल्लू’ म्हणजे निरोगी पिल्लू, हाही भ्रमच. केनेल क्लबचे पेपर कूळ सांगतात, तब्येत सांगत नाहीत. लॅब्रेडॉरच्या खुब्याचं दुखणं आईबापांकडून उतरतं, तेव्हा त्या दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे बघायला मागावेत.

माझ्या भावाच्या घरी पिल्लू घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही दादरला एका गृहस्थांकडे गेलो. त्यांच्याकडे एकच लॅब्रेडॉर मादी, तिचं हे दुसरं बाळंतपण. स्वयंपाकघराला लागून अंथरलेल्या जुन्या चादरीवर ती पडली होती. पोट ओघळलेलं, फासळ्यांवरचे केस जरा विरळ झालेले. ती उठली, आधी माझ्या वहिनीचा हात हुंगला, मग पुतण्याचे गुडघे, आणि शेपटी हलवत परत जागेवर गेली. तेवढ्यात एका धिटुकल्याने दूध पिता पिता दात लावले. तिने मान वळवून घशातल्या घशात हलकंसं गुरकावलं. पिल्लू थबकलं आणि मग सांभाळून तोंड लावू लागलं. दात किती जोराने लावायचे, हे त्याला कुठलाही ट्रेनर इतक्या लवकर आणि इतक्या मायेने शिकवू शकणार नाही. ओट्यावर कुकरची शिट्टी झाली, एकही पिल्लू दचकलं नाही. लालबागला गणपतीचे ढोल दाराशी वाजतात. तिथं नांदायचं तर कान असे लहानपणीच घरातल्या आवाजांना सरावलेले बरे.

आम्ही विचारू तेवढं त्यांनी सांगितलंच, पण त्यांनीच आम्हाला जास्त विचारलं. कितवा मजला? लिफ्ट आहे? दिवसभर घरी कोण असतं? गणपतीत गावी गेलात तर ह्याला कुठे ठेवणार? घर भाड्याचं की स्वतःचं? वहिनी जराशी अवघडली, पण मला ते गृहस्थ त्याच क्षणी आवडले. लेक देताना माणसं एवढी चौकशी करतात, मग ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी का करू नये? ‘ताई, तुमच्या चाळीतली गावठी पिल्लंही बघा हं,’ असंही म्हणाले. ‘तीही जीव लावतात.’ वहिनी म्हणाली, चाळीतल्या काळूला रोज आमच्याकडचीच पोळी असते. तेव्हा कुठे ते मोकळं हसले.

निघताना त्यांनी एक कागद पुढे केला. त्यात त्यांनी लिहिलं होतं, कधीही, कुठल्याही कारणाने सांभाळणं जमलं नाही, तर पिल्लू विकायचं नाही, रस्त्यावर सोडायचं नाही, माझ्याकडे आणून द्यायचं. भावाने सही केली. पिल्लं तेव्हा पाच आठवड्यांची होती आणि पुतण्याचा वाढदिवस पुढच्याच आठवड्यात होता. त्याने डोळ्यांत पाणी आणून विनवलं. गृहस्थांनी त्याला जवळ बसवून घेतलं, ‘अजून तीन आठवडे त्याला आई लागते रे बाळा,’ म्हणाले, आणि दर रविवारी येऊन पिल्लाशी खेळायची परवानगी दिली. वाढदिवस पिल्लाविनाच झाला. रविवारी दुपारी मात्र आम्ही सगळे दादरला.