मार्शलमधून समुद्र



रायपूरला समुद्र नाही. रस्त्याने निघालात तर विशाखापट्टणमचा किनारा गाठायला शेकडो किलोमीटर गाडी हाकावी लागते. पण रायपूरला 'मरीन ड्राइव्ह' मात्र आहे. तेलीबांधा तलावाच्या काठाला इथली माणसं याच नावाने ओळखतात आणि संध्याकाळी तिथे फिरायला गर्दी करतात. ज्या गावाने तलावाला मरीन ड्राइव्ह केलं, त्या गावात माझा सध्याचा उद्योग कुणाला फार वेडगळ वाटू नये. गेलं वर्षभर मी मार्शलच्या अ‍ॅम्पमधून सर्फ गिटारचा आवाज काढायच्या मागे आहे.

गिटारवाल्यांना यातली अडचण लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो.

सर्फ गिटार म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लाटांवर फळ्या घेऊन खेळणाऱ्या पोरांमध्ये वाढलेलं वाजवणं. गाणारा बहुतेक वेळा नाहीच, गिटारच गाते. १९६१ च्या उन्हाळ्यात बाल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये डिक डेल नावाचा डावखुरा गिटारवाला वाजवायचा. उजव्या हाताची गिटार तो तारा न बदलता तशीच उलटी धरायचा. तारा जाडजूड, हात दणकट, समोर हजारोंची गर्दी. लिओ फेंडरचे अ‍ॅम्प त्याच्यापुढे टिकेनात. शेवटी फेंडरने मोठा ट्रान्सफॉर्मर आणि १५ इंची जेबीएल स्पीकर घालून जास्त ताकदीचा अ‍ॅम्प बनवला. मागणी एकच होती: आवाज प्रचंड हवा, पण फाटलेला नको. प्रत्येक ठोका काचेसारखा स्वच्छ ऐकू यायला हवा.

त्यात दुसरी गोष्ट मिसळली ती स्प्रिंग रिव्हर्बची. एका पेटीत लांब स्प्रिंगा ताणलेल्या असतात. गिटारचा सिग्नल त्यांच्यातून हलत जातो आणि ओलाचिंब होऊन बाहेर येतो. सिग्नल्सवाल्या मित्रांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे ही युक्ती मुळात टेलिफोनवाल्यांची. लांबच्या लाइनवर आवाज उशिरा पोचतो, तो उशीर प्रयोगशाळेत तयार करायला बेल लॅब्जने स्प्रिंग वापरली. हॅमंडने ती ऑर्गनमध्ये घातली आणि १९६१ मध्ये फेंडरने तिची वेगळी पेटी बाजारात आणली.

आता मार्शल. जिम मार्शल हा लंडनच्या हॅनवेल भागातला ड्रमर आणि दुकानदार. १९६२ मध्ये त्याच्या दुकानात जो पहिला अ‍ॅम्प तयार झाला, तो फेंडरच्याच बासमन अ‍ॅम्पचं सर्किट समोर ठेवून. म्हणजे सर्फचा अ‍ॅम्प आणि हार्ड रॉकचा अ‍ॅम्प हे एकाच घरातले चुलतभाऊ. पुढे वाटण्या झाल्या. मार्शलने ईएल३४ व्हॉल्व्ह घेतले, गेन वाढवला, बंद पाठीच्या खोक्यात १२ इंची चार स्पीकर बसवले. आवाज मधल्या सुरांत जाड झाला आणि थोडा जोर दिला की फाटायला लागला. हार्ड रॉकवाल्यांना नेमकं तेच हवं होतं.

खडकवासल्याला एनडीएत आमच्या स्क्वाड्रनमध्ये हाच फाटका आवाज चालायचा. एसी/डीसी, डीप पर्पल. त्यात एक नेव्हीचा कोर्समेट 'पल्प फिक्शन'ची कॅसेट घेऊन आला. तिच्या सुरुवातीलाच डिक डेलचं १९६२ चं 'मिसिर्लू' आहे. तो आवाज डोक्यात बसला तो बसलाच. पुढे पगारातून गिटार आली, बऱ्याच वर्षांनी मार्शलचा डीएसएल मालिकेतला ४० वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आला. पोस्टिंगागणिक तो काळ्या ट्रंकांबरोबर ट्रकमध्ये चढतो. सर्फसाठी आता फेंडर घ्या असं सगळे म्हणतात. पण दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाने आहे त्या सामानात भागवायला शिकावं. फौजेने एवढं तरी नक्की शिकवलंय.

तर भागवायचं कसं?

पहिलं काम, गेन खाली. डीएसएलवर क्लासिक चॅनेलला 'क्लीन' आणि 'क्रंच' असे दोन पर्याय आहेत. 'क्लीन' लावायचा, गेन तीनच्या खाली ठेवायचा आणि आवाज व्हॉल्यूमने वाढवायचा. अर्ध्या ताकदीचा २० वॅटचा पर्याय वापरायचा नाही. ताकद जेवढी जास्त, तेवढा स्वच्छ आवाजाला वाव जास्त. आणि बॉलरूम भरायची नसल्यामुळे आपलं काम डिक डेलपेक्षा सोपं आहे. क्वार्टरच्या खोलीत अ‍ॅम्प दोनवर ठेवला तरी बायको दार लावून घेते. त्या पातळीला मार्शलसुद्धा सभ्य असतो.

दुसरं, मधले सूर कमी करायचे. मिड तीनवर. शिवाय या अ‍ॅम्पवर 'टोन शिफ्ट' नावाचं एक बटण आहे, ते दाबलं की मधला भाग खरवडल्यासारखा निघून जातो. हे बटण हेवी मेटलवाल्यांच्या उपयोगाचं म्हणून ओळखलं जातं. पण स्वच्छ चॅनेलवर दाबलं की अ‍ॅम्प चुलतभावासारखा बोलायला लागतो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. रिव्हर्बचा पेडल गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावायचा. हार्ड रॉकवाले तो अ‍ॅम्पच्या मागच्या इफेक्ट्स लूपमध्ये लावतात, कारण फाटणाऱ्या अ‍ॅम्पच्या पुढे रिव्हर्ब लावला की सगळा चिखल होतो. फेंडरची जुनी पेटी मात्र अ‍ॅम्पच्या आधीच लागायची, आणि सर्फचा तो 'टिपूक्‌' असा थेंब पडल्यासारखा आवाज त्यातूनच येतो. अ‍ॅम्प स्वच्छ असेल तर चिखल होत नाही.

चौथं, हात. तारा जाड, ब्रिजजवळचा सिंगल कॉइल पिकअप आणि उजव्या हाताने एकाच तारेवर वर-खाली, वर-खाली, न थांबता. हे जमलं नाही तर वरची तिन्ही कामं फुकट.

हे चौथं काम मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. आमच्या युनिटमध्ये साताऱ्याकडचा एक नाईक आहे. भरती व्हायच्या आधी तो गावाकडे बेंजो पार्टीत होता. आपला बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या बटणांचा बुलबुल तरंग; १९१२ मध्ये जपानमध्ये नागोयाला शोधलेल्या ताइशोगोतो वाद्याचा हा वंशज. गणपतीच्या मिरवणुकीत त्याला पिकअप लावतात, इको लावतात, कर्ण्यातून सोडतात. आणि वाजवतात कसा? एका तुकड्याने वर-खाली, वर-खाली, न थांबता.

मी त्याला 'मिसिर्लू' ऐकवलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, हा तर भैरव आहे." खरं आहे. भैरवासारखेच कोमल रिषभ, कोमल धैवत आणि बाकी शुद्ध. ही चाल भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची, डिक डेलच्या वडिलांचं घराणं लेबनॉनचं, काका ऊद वाजवायचा. तिकडची चाल अमेरिकेत जाऊन सर्फ झाली. आपल्याकडेही या आवाजाचा शिंतोडा उडालाच होता. १९६५ च्या राजा नवाथे दिग्दर्शित 'गुमनाम'मधलं 'जान पहचान हो' आठवा, पडद्यावर टेड लायन्सचा बँड आहे आणि गिटार कशी टणटणते ते ऐका.

आता मूळ अडचणीकडे येतो. ती अ‍ॅम्पची नाही, माझ्या कानाची आहे.

वार्षिक मेडिकलमध्ये माझा ऑडिओग्राम काढला. डावा कान ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात गेलेला. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या बाजूला राहतो आणि उजव्या कानाला डोक्याचा आडोसा मिळतो. पंचवीस वर्षांच्या फायरिंगचा हिशेब त्या आलेखात दिसत होता. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सर, गेलेलं परत येत नाही. आहे ते सांभाळा." कामात फरक पडत नाही, कॅटेगरीही बदललेली नाही. पण गिटारचं गणित वेगळं आहे. गिटारवरचा सगळ्यात वरचा सूर साधारण ११७५ हर्ट्झचा, तो मला नीट ऐकू येतो. तारेवर पडणाऱ्या ठोक्याची धार, तो काचेचा चमकारा, रिव्हर्बचा थेंब हे मात्र बरंचसं २००० ते ५००० हर्ट्झमध्ये राहतं. म्हणजे सर्फचा जो प्राण, तोच माझ्या खड्ड्यात.

मग ट्रेबल किती ठेवायचा हे कोण ठरवणार? मी नाही, हे उघड होतं. नाईकाला बसवलं. ट्रेबल कुठेही ठेवला तरी उत्तर एकच, "एकदम छान, साहेब." तो खोटं बोलत नव्हता, अदब पाळत होता. पण फौजेत वरच्या माणसाकडे चांगली बातमी पळत जाते आणि वाईट बातमी चालत जाते, हे कंपनी सांभाळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

फायरिंग रेंजवर याचं उत्तर आधीच आहे. फायर करणारा स्वतःच्या टार्गेटचं मार्किंग करत नाही. खड्ड्यात बसलेली बट पार्टी करते, आणि वर कोण फायर करतोय हे तिला दिसत नाही. तेच केलं. नाईकाला अ‍ॅम्पकडे पाठ करून बसवलं, हातात चिठ्ठ्या दिल्या. ट्रेबल तीन, पाच आणि आठ, क्रम उलटसुलट, तोच तुकडा पाच फेऱ्या. मला काय आवडतं हे त्याला कळायची सोय नव्हती. प्रत्येक तुकड्याला त्याने फक्त एक शब्द लिहायचा.

माझ्या कानाला आठवर समुद्र ऐकू येत होता. चिठ्ठ्या उघडल्या. आठच्या पाचही चिठ्ठ्यांवर जवळजवळ एकच गोष्ट होती: "सुई", "टोचतं", पुन्हा "सुई". तीनला "गोधडी". पाचला चार वेळा "बरोबर".

मी ट्रेबल पाचवर आणला. माझ्यापुरता तो आवाज थोडा मंद आहे, पाण्याखालून आल्यासारखा. सुरुवातीला चार दिवस जड गेलं. आपण वाजवतोय ते आपल्याला सोडून बाकी सगळ्यांना पूर्ण ऐकू येतंय, ही भावना सवयीची नव्हती. पण विचार केला तर हुद्दा वाढला की बहुतेक कामं अशीच होतात. हुकूम आपण देतो, तो खाली कसा पोचला हे आपल्या कानाला कळत नाही. कुणीतरी न घाबरता चिठ्ठी लिहायला हवा, आणि त्याला न घाबरता लिहिता येईल अशी व्यवस्था करणं हे आपलं काम.

मागच्या बडाखान्याला आम्ही दोघांनी वाजवलं. मी गिटार, त्याने सुट्टीवरून आणलेला बेंजो. आधी 'मिसिर्लू', मग कोळीगीताची एक चाल त्याच ओल्या आवाजात. मी माझ्या कानावर विसंबलो नाही, समोरच्या रांगेकडे बघत होतो. कोळीगीताला पोरं उठली, पण 'मिसिर्लू'लाही कुणी कान झाकले नाहीत. मला तेवढं मार्किंग पुरेसं होतं.

ज्यांच्याकडे असा अ‍ॅम्प आहे त्यांच्यासाठी आकडे देतो. क्लासिक चॅनेल, क्लीन, ४० वॅट. गेन अडीच, बेस सहा, मिड तीन, ट्रेबल पाच, प्रेझेन्स चार, टोन शिफ्ट दाबलेलं. रिव्हर्ब अ‍ॅम्पच्या आधी, मिक्स अर्ध्याच्या थोडा वर. स्टॅबिलायझर लावा, आणि रायपूरच्या मे महिन्यात व्हॉल्व्ह अ‍ॅम्प दुपारी चालू करू नका, संध्याकाळची वाट बघा. ट्रेबलचा आकडा माझा नाही, नाईकाचा आहे. तुमच्या खोलीत तो वेगळा येईल. तो ठरवताना तुमच्यापेक्षा तरुण कानाचा एक माणूस पाठमोरा बसवा आणि त्याच्या हातात पेन्सिल द्या.

नाईकाचं पोस्टिंग पुढच्या महिन्यात आहे. जाण्याआधी आम्ही रिव्हर्बच्या मिक्सच्या चिठ्ठ्या करणार आहोत, ते मार्किंग अजून बाकी आहे.